२१४७४८३६४७: एका मूळ संख्येबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रोग्रामिंग शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची या संख्येशी कधी ना कधी गाठ पडते, आणि बहुतेकदा ती प्रोग्राम भलतीच उत्तरं देऊ लागल्यावर पडते. मग लोक शोधायला निघतात आणि त्यांना कळतं की ही मूळ संख्याही आहे. तिथून पुढे प्रश्न सुरू होतात. खाली गणिताचे प्रश्न आधी घेतले आहेत, संगणकाचे नंतर. संगणक येण्याच्या पावणेदोनशे वर्षं आधीच ही संख्या गणितात नावाजलेली होती, तेव्हा हा क्रम तिला न्याय देणारा आहे.

लिहिण्याची एक सोय: २^३१ असं दिसलं की २ चा ३१ वा घात समजावा.

ही संख्या वाचायची कशी? आणि ती आली कुठून?

आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले तर २,१४,७४,८३,६४७. म्हणजे दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. दहा अंकी आकडा पाहून काही बोध होत नाही, पण ती २^३१ − १ आहे म्हटलं की चित्र स्पष्ट होतं. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार असं दुप्पट करत गेलात, तर ३१ घरं भरल्यावर पटावर बरोबर एवढे दाणे असतील. द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून लिहिताना, ही संख्या म्हणजे ओळीने ३१ वेळा लिहिलेला १.

२ च्या घातातून १ वजा केला की मूळ संख्या मिळते का?

क्वचित मिळते. घातांक संयुक्त असेल तर आशाच सोडा: २^१५ − १ ला २^३ − १ आणि २^५ − १, म्हणजे ७ आणि ३१, या दोघांनीही भाग जाणारच. घातांक मूळ असेल तर शक्यता असते, खात्री नसते. २^११ − १ = २०४७ = २३ × ८९, हे पहिलंच अपयश.

या प्रकारच्या संख्यांना मारँ मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूंचं नाव मिळालं. १६४४ मध्ये त्यांनी २५७ पर्यंतच्या घातांकांची एक यादी छापली: २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७, २५७. या घातांकांना मूळ संख्या मिळते आणि इतरांना नाही, असा त्यांचा दावा होता. ६७ आणि २५७ चुकीचे निघाले. ६१, ८९ आणि १०७ राहून गेले. पण ३१ बरोबर होता.

मर्सेन यांच्याही आधी इटलीच्या काताल्दी यांनी १७ आणि १९ हे घातांक नीट तपासून सिद्ध केले होते. तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पुढे २३, २९, ३१ आणि ३७ हेही चालतात असं सांगून टाकलं. २३ आणि ३७ फ्रेंच गणितज्ञ फर्मा यांनी १६४० मध्ये खोडून काढले, २९ स्विस गणितज्ञ ऑयलर यांनी १७३८ मध्ये. चारपैकी एक उरला तो ३१, आणि तोही सिद्धतेशिवाय.

मग सिद्ध कोणी केलं?

लेओनहार्ड ऑयलर यांनी, १७७२ च्या सुमारास. गणितज्ञ बर्नुली यांना लिहिलेल्या एका पत्रात त्यांनी हे कळवलं. ऑयलर तेव्हा सेंट पीटर्सबर्गला होते, वय पासष्टच्या आसपास, आणि दृष्टी जवळजवळ गेलेली. इतक्या भागाकारांचं काम अशा अवस्थेत पुरं झालं, याचं आश्चर्य वाटतं खरं. पण त्यांनी भागाकारांची संख्याच कशी कमी करून टाकली, ते त्याहून पाहण्यासारखं आहे.

कसं कमी केलं? जरा सविस्तर सांगाल का?

सांगतो. या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

एखादी संख्या मूळ आहे की नाही हे पाहायचं तर तिच्या वर्गमूळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी तिला भागून पाहावं लागतं. आपल्या संख्येचं वर्गमूळ ४६३४० च्या किंचित पुढे येतं. तिथवर जवळपास ४८०० मूळ संख्या आहेत. एवढे भागाकार हाताने करायचे म्हणजे महिनोन्‌महिने जाणार, आणि एक जरी चुकला तरी सगळंच पाण्यात.

ऑयलर यांनी उलट्या बाजूने विचार केला. समजा क ही मूळ संख्या २^३१ − १ ला निःशेष भागते. तर तिच्या अंगी कोणते गुण असायला हवेत?

क ने निःशेष भाग जातो याचा अर्थ २^३१ ला क ने भागल्यावर बाकी १ उरते. आता २, ४, ८, १६ अशा घातांना क ने भागत गेलो तर बाकी १ ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येत राहते. ३१ व्या घाताला ती आलेली आहे, म्हणजे ते अंतर ३१ चा विभाजक असलं पाहिजे. पण ३१ स्वतः मूळ आहे, त्यामुळे अंतर १ तरी असेल नाहीतर ३१. पहिल्याच घाताला, म्हणजे २ ला, क ने भागून बाकी १ उरणं शक्य नाही. तेव्हा अंतर ३१. दुसरीकडे फर्मा यांचा प्रसिद्ध नियम सांगतो की विषम मूळ क साठी २^(क−१) ची बाकीसुद्धा १ च असते. म्हणून क−१ ला ३१ ने भाग जायलाच हवा. क विषम असल्याने क−१ सम आहे, तेव्हा ६२ नेही भाग जायला हवा.

एवढ्यानेच मैदान बरंच साफ होतं, पण अजून एक चाळण आहे. २^३१ ची बाकी १, तर २^३२ ची बाकी २. आणि २^३२ हा तर ६५५३६ चा वर्ग! म्हणजे क च्या हिशेबात २ ही एका वर्गाची बाकी आहे. हे ज्या विषम मूळ संख्यांच्या बाबतीत घडतं, त्यांना ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च उरते.

दोन्ही अटी एकत्र केल्या तर निष्कर्ष असा: क ला २४८ ने भागल्यावर बाकी १ तरी उरली पाहिजे, नाहीतर ६३. बाकी सगळ्या संख्या न तपासताच बाद.

४६३४० च्या आत अशा संख्या उरतात फक्त ३७२ (६३ सोडून, ती मूळ नाहीच). त्यांतल्याही बहुतेक उघडउघड संयुक्त आहेत. यादी सुरू होते ती अशी: २४९, ३११, ४९७, ५५९, ७४५, ८०७, ९९३, १०५५, १२४१, १३०३. या दहांत मूळ आहेत दोनच, ३११ आणि १३०३. ३११ ने भागल्यावर बाकी ३५ उरते, १३०३ ने भागल्यावर २२६. शेवटपर्यंत गेलात तरी प्रत्यक्ष करायचे भागाकार शंभराच्या आतच राहतात, आणि एकातही बाकी शून्य येत नाही. म्हणून संख्या मूळ.

कॅल्क्युलेटर घेऊन बसलात तर एका दुपारचं काम आहे, आणि दहावीच्या हुशार मुलाला हे करायला लावावं असं माझं मत आहे. ‘संगणकाने सांगितलं म्हणून मूळ’ आणि ‘मी सगळ्या वाटा बंद करून पाहिल्या म्हणून मूळ’ यांतला फरक त्याला तिथे कळतो.

यापेक्षाही सोपी चाचणी आहे ना?

आहे, आणि ती फक्त मर्सेन संख्यांनाच लागू पडते. एकोणिसाव्या शतकात एदुआर लुकास यांनी तिचा पाया घातला, १९३० च्या सुमारास डी. एच. लेहमर यांनी तिला आजचं रूप दिलं. कृती अशी: ४ पासून सुरुवात करा, वर्ग करा, २ वजा करा, आपल्या संख्येने भागून बाकी ठेवा, आणि हेच पुन्हा. घातांकापेक्षा दोनने कमी इतक्या वेळा हे केल्यावर शून्य आलं तर संख्या मूळ, नाहीतर संयुक्त.

छोट्या उदाहरणावर पाहा. २^५ − १ = ३१ साठी तीन पायऱ्या. ४ चा वर्ग १६, उणे २ म्हणजे १४. १४ चा वर्ग १९६, उणे २ म्हणजे १९४, ३१ ने भागून बाकी ८. ८ चा वर्ग ६४, उणे २ म्हणजे ६२, बाकी शून्य. झालं. आपल्या दहा अंकी संख्येसाठी अशा २९ पायऱ्या लागतात. ऑयलर यांच्या रीतीपेक्षा ही झटपट खरी, पण ती का चालते हे समजायला बीजगणिताची बरीच तयारी लागते. मला विचाराल तर पहिल्यांदा शिकताना ऑयलरच बरे.

ही किती काळ सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या होती?

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत, म्हणजे पाऊणशेहून अधिक वर्षं. १८११ मध्ये इंग्रज गणितज्ञ पीटर बार्लो यांनी तर या संख्येतून मिळणाऱ्या परिपूर्ण संख्येबद्दल (ती म्हणजे काय ते पुढच्याच प्रश्नात) लिहून टाकलं होतं की याहून मोठी कधी कोणी शोधेल असं वाटत नाही, कारण अशा संख्या नुसत्या कुतूहलाच्या, उपयोग काही नाही. उपयोग नसला की माणूस शोध थांबवतो, हा अंदाज साफ फसला. लुकास यांनी १८७६ मध्ये २^१२७ − १ मूळ असल्याचं दाखवलं, ती ३९ अंकी आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली २^१३६२७९८४१ − १ तर ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंकी आहे. आणि तिचाही थेट उपयोग काही नाही.

परिपूर्ण संख्येचा काय संबंध?

स्वतःला सोडून बाकी सगळ्या विभाजकांची बेरीज जिची तिलाच मिळते ती परिपूर्ण संख्या. ६ = १ + २ + ३, तशीच २८. प्रत्येक मूळ मर्सेन संख्येमागे अशी एक संख्या मिळते, हे युक्लिड यांना माहीत होतं. सम परिपूर्ण संख्या दुसऱ्या कोणत्याच मार्गाने मिळत नाहीत, हे ऑयलर यांनी दाखवलं. आपली मर्सेन मालिकेतली आठवी मूळ संख्या, म्हणून तिच्यापासून आठवी परिपूर्ण संख्या मिळते: २^३० × (२^३१ − १) = २३०५८४३००८१३९९५२१२८.

तिच्या शेजारी कोण आहे? ती जुळी मूळ संख्या आहे का?

नाही. जुळ्या मूळ संख्यांत दोनचंच अंतर असतं. इथे दोनने लहान असलेली संख्या ५ वर संपते. दोनने मोठी २^३१ + १ आहे, तिला ३ ने भाग जातो. भागून उरणारी ७१५८२७८८३ मात्र मूळ आहे. लगतची आधीची मूळ संख्या २१४७४८३६२९, नंतरची २१४७४८३६५९. म्हणजे अलीकडे १८ चं अंतर, पलीकडे १२ चं. या आकाराच्या मूळ संख्यांत सरासरी अंतर साडेएकवीसच्या आसपास असतं, तेव्हा शेजार तसा दाटच म्हणायचा.

२ पासून मोजत आलात तर ही १०,५०,९७,५६५ वी मूळ संख्या.

काही जण विचारतात की दुप्पट करून एक मिळवला तर पुन्हा मूळ संख्या मिळते का. नाही मिळत, पण जे मिळतं ते सुरेख आहे: २^३२ − १ = ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७. आजवर माहीत असलेल्या पाचही मूळ फर्मा संख्या (२ चा १, २, ४, ८, १६ वा घात अधिक १) एका ओळीत, प्रत्येकी एकदाच.

ती दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येते का?

नाही, कारण ४ ने भागल्यावर बाकी ३ उरते आणि दोन वर्गांच्या बेरजेची बाकी कधीच ३ नसते. पण एका वर्गात दुसऱ्या वर्गाची तिप्पट मिळवायची मुभा दिलीत, तर एकच मांडणी सापडते: ४६१६२² + ३ × २३४९². ताळा करून पाहा, बरोबर येतो.

एक वजा केल्यावर जी संख्या मिळते तिला इतकं महत्त्व का?

कारण मूळ संख्येने भागून फक्त बाकी ठेवत गेलो तर घातांची चक्रं किती लांबीची असतील ते तिच्याहून एकने लहान असलेली संख्या ठरवते. इथे ती २१४७४८३६४६ = २ × ३² × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१. एवढे सारे बारीक अवयव योगायोगाने आलेले नाहीत. ही संख्या म्हणजे २ × (२^३० − १), आणि २^३० − १ = ३२७६७ × ३२७६९. पहिल्यातून ७, ३१, १५१ येतात, दुसऱ्यातून ३², ११, ३३१.

आता ७ चे घात घेत जा आणि दर वेळी आपल्या संख्येने भागून बाकी ठेवा. १ पासून २१४७४८३६४६ पर्यंतची प्रत्येक संख्या बाकी म्हणून बरोबर एकदा येते आणि मगच चक्र बंद होतं. हा गुण असलेली ७ ही सर्वांत लहान संख्या. एकूण अशा ५३ कोटी ४६ लाख आहेत. २ मात्र या बाबतीत अगदीच तोकडा, ३१ पायऱ्यांत परत १ वर.

यादृच्छिक आकडे तयार करण्याची एक जुनी रीत यावरच उभी आहे. मूळ कल्पना लेहमर यांची, चाचणीवाले तेच. ७ चा पाचवा घात १६८०७. सध्याच्या आकड्याला १६८०७ ने गुणा, २१४७४८३६४७ ने भागा, बाकी हा पुढचा आकडा. १ ने सुरुवात केली तर १६८०७, मग २८२४७५२४९, मग १६२२६५००७३. पाहणाऱ्याला यात काही क्रम दिसत नाही. १९६९ मध्ये आयबीएमच्या यंत्रांसाठी हे आकडे निवडले गेले, १९८८ मध्ये पार्क आणि मिलर यांनी किमान दर्जा म्हणून यांची शिफारस केली, आणि सी प्लस प्लस या प्रोग्रामिंग भाषेच्या प्रमाणित लायब्ररीत ही रीत अजून आहे. बाकी काढणंही सोपं: २^३१ ची बाकी १ असल्याने द्विमान आकड्याचे ३१-३१ अंकांचे तुकडे पाडून बेरीज केली की काम होतं. नऊची बाकी काढताना आपण अंकांची बेरीज करतो, तेच तत्त्व. लॉटरी किंवा पासवर्डसाठी मात्र ही रीत वापरू नये. एक आकडा कळला की पुढचे सगळे कळतात.

संगणकाची मर्यादा २१४७४८३६४७ ठेवली ती मूळ संख्या आहे म्हणून का?

नाही. हा गैरसमज बराच पसरलेला आहे. संगणकात पूर्णांक बऱ्याचदा ३२ बिटांत, म्हणजे ० किंवा १ च्या ३२ जागांत, साठवतात. त्यांपैकी एक बिट अधिक-उणे चिन्हासाठी गेला, ३१ उरले, आणि ३१ बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या ती २^३१ − १. मूळ असण्याचा इथे काडीचा संबंध नाही. १६ बिटांची मर्यादा ३२७६७ ही ७ × ३१ × १५१ आहे. ६४ बिटांची मर्यादा २^६३ − १ हीसुद्धा संयुक्त, तिला ७ ने दोनदा भाग जातो. ३१ हा घातांक चालून गेला हा निव्वळ योगायोग.

२०३८ सालचं काय प्रकरण आहे?

अनेक जुन्या प्रणाली १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतात. ते ३२ बिटांत साठवले असतील तर १९ जानेवारी २०३८ रोजी मंगळवारी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी मोजणी २१४७४८३६४७ वर पोचेल. पुढच्या सेकंदाला ती उणे २१४७४८३६४८ होईल, म्हणजे घड्याळ १९०१ च्या डिसेंबरात जाईल. नवे संगणक आणि फोन ६४ बिटांवर गेले आहेत. काळजी आहे ती कारखान्यांतल्या आणि यंत्रांच्या पोटातल्या जुन्या नियंत्रकांची.

अशी मर्यादा प्रत्यक्षात कधी ओलांडली गेली आहे का?

डिसेंबर २०१४ मध्ये एका कोरियन गाण्याच्या व्हिडिओची प्रेक्षकसंख्या या आकड्यापलीकडे गेली आणि यूट्यूबने मोजणी ६४ बिटांवर नेल्याचं जाहीर केलं. ती गमतीची गोष्ट. गंभीर गोष्ट २०१५ ची: बोइंग ७८७ विमानातले वीजनिर्मितीचे नियंत्रक सलग २४८ दिवस चालू राहिले तर आतल्या मोजणीची मर्यादा संपून बंद पडू शकतात, म्हणून अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने ते त्याआधी बंद करून पुन्हा सुरू करण्याचा आदेश काढला. सेकंदाच्या शंभराव्या भागांत मोजलं तर २^३१ भाग म्हणजे साधारण २४८.५५ दिवस. ऑयलर यांचाही आकडा २४८ च होता, पण तो ८ × ३१ मधून आलेला. दोघांचा काही संबंध नाही, उगाच शोधू नये.

बँकेच्या व्यवहारांच्या सुरक्षेसाठी ही वापरतात का?

फार लहान आहे. तिथे शेकडो अंकी मूळ संख्या लागतात, आणि त्या गुप्त असाव्या लागतात. ही तर जगजाहीर.

हीच संख्या घातांक म्हणून वापरली तर?

हा प्रश्न विचारायला सबळ कारण आहे. ३ ही मर्सेन, तिला घातांक केलं तर ७. ७ वरून १२७. ३१ वरून आपली २१४७४८३६४७. १२७ वरून लुकास यांची ३९ अंकी संख्या. चार वेळा लागोपाठ यश! त्यापुढचे घातांक ८१९१, १३१०७१ आणि ५२४२८७ मात्र फसले. आपल्या संख्येला घातांक केलं तर सुमारे ६४ कोटी ६४ लाख अंकी संख्या मिळते, आणि तीही मूळ नाही. तिला २९५२५७५२६६२६०३१ या पंधरा अंकी संख्येने भाग जातो, हे १९८३ मध्ये सापडलं. ऑयलर यांची अट इथेही लागू पडते: या विभाजकातून १ वजा करा आणि २१४७४८३६४७ ने भागा, भागाकार नेमका १३७४९० येतो.

त्यानंतरची पायरी २^६१ − १ ला घातांक करण्याची. त्या संख्येत सुमारे सात परार्ध (७ वर १७ शून्यं) अंक असतील. तिची लुकास-लेहमर चाचणी करणं आजच्या कोणत्याही यंत्राच्या आवाक्यात नाही, तेव्हा तिच्यासाठी विभाजक शोधण्याचं काम अजूनही ऑयलर यांच्याच वाटेने चालू आहे: अट लावायची, उरलेल्यांनी भागून पाहायचं. अजून एकही सापडलेला नाही.